तीसपैकी तेवीस

प्रिय भुंग्या,

पन्नाशीला टेकलेल्या माणसाला भुंग्या म्हणू नये, हे मला कळतं. पण लहानपणी दिवसभर माझ्या कानाशी गुणगुणत राहून हे नाव तू स्वतःच्या मेहनतीने मिळवलंस. ते काढून घेणारी मी कोण? पत्र पाहून दचकू नकोस. घरातले सगळे, म्हणजे मी आणि आई, ठणठणीत आहोत. आई समोर बसून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवते आहे आणि मधूनच चष्म्यावरून माझ्याकडे बघते आहे. फोन सोडून पत्र का, तर या घरात फोनवर खाजगी म्हणून काही बोलता येत नाही. का ते पुढे कळेल.

आधी तुझ्या फॉर्मचं सांगते. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यावर तुझी सही आहे, तिच्याखाली माझीही आहे, आणि स्मृतीच्या डॉक्टरांच्या दाखल्याची जागा अजून कोरी आहे. तुझ्या घराजवळच्या त्या वृद्धनिवासाने आईसाठी खोली तीस तारखेपर्यंत राखून ठेवली आहे, हे तू मला गेल्या तीन आठवड्यांत चार वेळा सांगितलंस आणि दाखल्याचं विचारलंस. चारही वेळा मी म्हटलं, डॉक्टर रजेवर आहेत. डॉक्टर रजेवर नव्हत्या. एकतीस वर्षं पोरांकडून खरं बोलण्याचे सुविचार फळ्यावर लिहून घेणाऱ्या बाईने ही थाप मारली, आणि मारताना तिला विशेष काही वाटलं नाही, हेही सांगून टाकते.

तू हिवाळ्यात आठ दिवस येऊन गेलास आणि जाताना जिन्यात मला बाजूला घेऊन म्हणालास, ताई, आई राहिली नाही आता पहिल्यासारखी. तुझे पुरावे पक्के होते. किटली शिट्टी फुंकून फुंकून कोरडी झाली, बुड काळं पडलं, आणि आई तिथेच दोन हात अंतरावर बसून सदऱ्याला बटण लावत होती. जेवताना ती एक शब्द बोलायची नाही. तू काहीही विचारलंस तरी हसून हो म्हणायची. धूर दिसला म्हणजे अग्नी असणारच, तसं किटलीतून धूर आला म्हणजे आईच्या डोक्यात अंधार असणारच, असं तू अनुमान काढलंस. आमच्या न्यायशास्त्रात याला हेत्वाभास म्हणतात, म्हणजे दिसायला कारण, पण खरं कारण नव्हे. पण तुझा तरी काय दोष? लिफ्टमध्ये जरा खरखर झाली की ‘वापर बंद’ची पाटी लावायची, ही तुझी तपासनिसाची नोकरी. आईलाही तू तीच पाटी लावायला निघालास. आणि मी फार शहाणी होते अशातला भाग नाही, मी सही केलीच. तिच्या किल्ल्या मला पिठाच्या डब्यात सापडल्या होत्या. एकाच सकाळी तिने मला वार तीनदा विचारला होता. शिवाय पलंगाखाली तिने एक बॅग भरून ठेवलेली मला दिसली, आणि म्हातारी माणसं भ्रमात अशा बॅगा भरतात असं मी कुठेतरी वाचलं होतं. वाचलेलं डोक्यात असलं की दिसणारं सगळं त्यात चपखल बसतं.

तर दाखल्यासाठी आम्ही गेलो. डॉक्टर म्हणजे तिशीतली एक मुलगी, आणि तिच्यासमोर तीस गुणांची प्रश्नपत्रिका. मान खाली घालून तिने विचारलं, आज वार कोणता? आईने आपलं नाव सांगितलं. महिना कोणता? आई म्हणाली, अठ्ठ्याहत्तर. साल? दोन, एक मुलगी आणि एक मुलगा. दवाखान्यात नाव, वय आणि मुलंबाळं याच क्रमाने विचारतात अशी आईची समजूत, आणि त्या क्रमाने तिने नेमकी उत्तरं दिली होती. प्रश्न तेवढे निराळे होते. डॉक्टर शून्यं मांडत गेली. मग ती म्हणाली, तीन शब्द सांगते, ते लक्षात ठेवा आणि म्हणून दाखवा.

आईने माझ्याकडे पाहिलं. बस, तेवढंच. आणि माझं तोंड आपोआप चालू झालं: खुर्ची, पोपट, समुद्र. आवाज नाही, नुसते ओठ. आईने खणखणीत आवाजात तिन्ही शब्द म्हटले. मागून नर्स ओरडली, “अहो बाई, पेशंटला सांगताय काय?” भुंग्या, किती पोरांना मी कॉपी करताना बाकावरून उठवलं असेल, आणि आता छप्पन्नाव्या वर्षी, मुख्याध्यापिका झाल्यावर, मी भर परीक्षेत पकडली गेले. कान तापले माझे. पण डॉक्टरने पहिल्यांदाच मान वर केली. ती रागावली नाही. म्हणाली, “तुमचा आवाज मला आला नाही. त्यांना कसा आला?” मग तिने आईकडे तोंड करून, अजिबात आवाज न करता, ओठांनीच विचारलं, जिन्याने आलात की लिफ्टने? आई म्हणाली, “जिन्याने. तुमची लिफ्ट बंद आहे, पाटी लावलीय.” मग डॉक्टरने तोंडासमोर फाइल धरली आणि तेच मोठ्याने विचारलं. आई गोड हसली आणि म्हणाली, “हो.”

ते हसू आणि तो हो तू आठ दिवस पाहिला आहेस.

तुला आईची मागाची शाळा आठवते ना? शाळा म्हणजे विणकामाची ती लांबच लांब शेड, दोनशे माग एकदम धडधडायचे आणि शेजारणीच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. तीस वर्षं त्या बायका एकमेकींशी ओठांनीच बोलल्या. भांडल्या ओठांनी, सासवांच्या नकला केल्या ओठांनी. घरीही आईची जुनी सवय, सांगायचं ते तोंड भरून, गालफडं हलवून. आपण दोघं खोलीच्या कोपऱ्यात कुजबुजायचो आणि ती लांबून म्हणायची, डब्याला हात लावाल तर याद राखा. तिला वाटेल ते ऐकू येतं असा आपला समज होता. मग तूच शोध लावलास की तिच्याकडे पाठ करून बोललं तर कळत नाही. केवढा आनंद झाला होता तुला! तिच्या कानांत त्या मागांनी तेव्हाच भोकं पाडायला घेतली होती, हे ना तुला सुचलं ना मला. ती निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी बागेतल्या बाकावर चौघी जमायच्या, सगळ्या मागावरच्या. मी त्यांना मौनी मंडळ म्हणायचे. चार म्हाताऱ्या, आवाज शून्य, आणि मध्येच चौघी एकदम खिदळायच्या. येणारेजाणारे थबकून बघायचे. त्या चौघींपैकी दोघी गेल्या, तिसरीला गेल्या वर्षी लेक घेऊन गेली. त्यानंतर आई बागेत गेली नाही. आपल्याला वाटलं, हिचा कशातच रस उरला नाही. रस होता. तिची भाषा बोलणारं कोणी उरलं नव्हतं. आणि तू आलास तो छातीपर्यंत दाढी आणि ओठांवर आलेल्या मिशा घेऊन. तुला वाटत होतं दाढीने भारदस्त दिसतोस. आईच्या दृष्टीने तू आठ दिवस तोंडासमोर फाइल धरून घरात वावरलास.

डॉक्टरने मग सगळे प्रश्न मोठ्या अक्षरांत कागदावर लिहिले आणि परीक्षा पहिल्यापासून घेतली. आधीच्या पेपरात तोवर तीनच गुण पडले होते, तेही माझ्या कृपेने. या वेळी तीसपैकी तेवीस पडले. मी मूर्खासारखी पेढे वाटायच्या चेहऱ्याने उठले, तेव्हा तिने मला खाली बसवलं. म्हणाली, गेलेले सात गुणही खरे आहेत. वार चुकला, ते तीन शब्द पाच मिनिटांनी विचारल्यावर एकच आठवला, घड्याळाचे काटे चुकीच्या जागी काढले. थोडी स्मृती उतरते आहे, ती पुढेही उतरू शकेल. पण दोन्ही हातांत सामान असलेल्या माणसाला आपण कुलूप उघडायला सांगतो आहोत, असं ती म्हणाली. समोरचा काय बोलतो हे ताडण्यातच आईच्या मेंदूची सगळी शक्ती जाते. लक्षात ठेवायला उरतेच काय? त्यात माणसं तुटली, बोलणं तुटलं, म्हणजे घसरण आणखी वाढते. आधी कान सुधारा, सहा महिन्यांनी पुन्हा या, मग दाखल्याचं बोलू. कानाला मशीन लावल्याने विसरणं थांबेल असं वचन मात्र मी देणार नाही, असंही ती म्हणाली. मुलगी मला आवडली. खोटी आशा दाखवत नाही आणि तोंडासमोर आता कागदही धरत नाही.

श्रवण, मनन, निदिध्यासन अशा ज्ञानाच्या पायऱ्या आम्ही शिकवतो. आपली आई पहिली पायरी गाळून इतकी वर्षं दुसरीवर मुक्काम ठोकून बसली होती. आता दोन्ही कानांत मटारच्या दाण्याएवढी मशीनं आली आहेत आणि घराची शांतता संपली आहे. पहिल्या दिवशी तिने वर्तमानपत्र उघडलं आणि फेकून दिलं, “केवढ्याने ओरडतोय हा कागद!” फ्रिज गुरगुरतो हा शोध तिला लागला. नळ गळतो हे मी दोन वर्षं सांगत होते, ते तिला पटलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “तू किती सुस्कारे टाकतेस गं? असेच टाकत होतीस इतकी वर्षं?” मी म्हटलं, हो. म्हणाली, “बरं झालं ऐकू येत नव्हतं.” कान तपासणाऱ्या बाईंनी सांगितलंय की मेंदूला आवाजांची पुन्हा सवय लावायची, सुरुवातीला रोज दोन-दोन तासच. म्हणून आईने स्वयंपाकघराच्या दारावर तक्ता लावलाय, सकाळपाळी, दुपारपाळी, मध्ये सुट्टी. पाळी संपली की मशीनं डबीत. मी काही उपदेश करायला लागले की पाळी हमखास संपते. इतकी वर्षं ती बिचारी ऐकू येत नसताना ऐकल्यासारखं करायची. आता उघडपणे ऐकत नाही. घरात पुन्हा भांडणं होतात, भुंग्या. मला किती बरं वाटतं हे तुला सांगूनही कळणार नाही.

आता त्या बॅगेचं. मागच्या आठवड्यात मी तिला विचारलंच, ही बॅग कशासाठी? ती शांतपणे म्हणाली, “तिकडे जायचंय ना मला.” तिला सगळं माहीत होतं. तू आणि मी महिनाभर त्या निवासाबद्दल फोनवर बोलत होतो आणि तिला कळू नये म्हणून मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून, तिच्याकडे तोंड करून, आवाज खाली आणून कुजबुजत होते. ओठ वाचणाऱ्या बाईसमोर कुजबुजायचं, हे जगात फक्त आपल्याच घरात घडू शकतं. तुझं बोलणं तिला कळलं नाही, पण माझी बाजू तिने अक्षरन् अक्षर वाचली. खोली पूर्वेकडची आहे का, दारं बाहेरून बंद करतात का, हे मी विचारलेलं. तिला आता काही समजत नाही, हे मी म्हटलेलं. तेही. मी म्हटलं, मग तू बोलली का नाहीस? तर म्हणाली, “तुम्ही दोघं शिकलेले. तुम्ही म्हणताय म्हणजे गेलंच असेल माझं डोकं, असं मला वाटलं.” बॅगेत काय होतं माहीत आहे? चार कपडे, जास्तीचा चष्मा आणि मागावरची तिची जुनी कात्री. भ्रमाचं त्यात काहीही नव्हतं. आयुष्यात इतकी व्यवस्थित बॅग मला भरता आलेली नाही.

मी तुला गोड चित्र रंगवून दाखवत नाहीये. परवा तिने एकच गोष्ट मला चहाच्या आधी, चहाबरोबर आणि चहानंतर सांगितली. मला मावशीच्या नावाने हाक मारली आणि लक्षात आल्यावर कोड्यात डोकं घातलं. किटलीच्या जागी मी आपोआप बंद होणारी विजेची आणली आहे, किल्ल्यांना दाराजवळ खिळा ठोकला आहे. पुढे एक दिवस असा येईल की तुझाच फॉर्म बरोबर ठरेल, आणि तेव्हा मी सही करायला का कू करणार नाही. पण तो दिवस हा नव्हे. परवा ती स्वतःहून बागेत गेली. बाकावर एक निवृत्त पोस्टमन बसतो, त्याच्याशी दीड तास बोलून आली. काय बोललात विचारलं तर म्हणाली, विसरले, पण बरा आहे बोलायला.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं, ते. आई बहिरी झाली आहे हे मला आठ वर्षांपासून माहीत होतं. तू तिकडे गेल्यावर तिसऱ्या वर्षी एका रविवारी तुझा फोन ठेवून ती म्हणाली, मला तुझ्या भावाचं काही कळत नाही, पण त्याला सांगू नकोस, सांगितलंस तर तो फोन करायचाच थांबेल. मग आम्ही युक्ती काढली. फोनचा स्पीकर सुरू, ती माझ्यासमोर, आणि तू बोललेलं वाक्यन् वाक्य मी बिनआवाजी ओठांनी तिला सांगायचे. तू म्हणायचास, उत्तर यायला उशीर होतो, लाइन खराब आहे. लाइन मी होते. साडेसहा वर्षं प्रत्येक रविवारी अकरा वाजता तू आईशी नव्हे, माझ्या तोंडाशी बोललास. मग मुख्याध्यापिकेची खुर्ची मिळाली, माझे रविवार शाळेत जायला लागले, आई फोनवर एकटी पडली आणि तुला ते ‘हो, बरं, जप हं’ ऐकू येऊ लागलं. तुझी भीती तिथून सुरू झाली. मी एका वाक्यात ती दूर करू शकले असते. आधी आईला दिलेला शब्द आड आला, मग माझा थकवा, आणि शेवटी खरंच वाटायला लागलं की तुझंच बरोबर असेल. आणखी एक कबूल करते. अनुवादक म्हणून मी प्रामाणिक नव्हते. तुझी चिडचिड मी गाळायचे, आणि तू न बोललेलंही कधी कधी घालायचे. ‘आई, तुझी आठवण येते’ हे वाक्य मूळ संहितेत नाही. ते प्रक्षिप्त आहे, माझं आहे. ते तिला इतकं आवडायचं की मी ते दर महिन्याला एकदा घालू लागले. गेले दोन आठवडे मधल्या सुट्टीत मी तिला शाळेतून फोन करते, सराव म्हणून. पहिल्या दिवशी तिला फक्त शाळेची घंटा कळली. काल म्हणाली, तुझा घसा बसलाय, गुळण्या कर. तर हे पत्र तुला शुक्रवारपर्यंत मिळेल. फॉर्मवरची माझी सही मी खोडली आहे. पण तुझी खोडण्याचा अधिकार मला नाही. रविवारी अकरा वाजता फोन कर. मी घरात नसेन, मुद्दाम बाहेर जाणार आहे. ती कालपासून घाबरली आहे, तू काय बोलशील आणि आपल्याला कळेल की नाही म्हणून, पण तू घरीच थांब असं काही मला म्हणाली नाही. सावकाश बोल, एक वाक्य झालं की थांब, तिला वेळ लागेल तेवढा लागू दे. तिकडे यायचंय का, हे तिला विचार. आपण दोघांनी तिचं सगळं ठरवलं, पण तिला विचारलं नाही. आणि मध्ये आता कोणी नाही, भुंग्या. तिची आठवण येत असेल, तर ते तुझं तुलाच सांगावं लागेल.

तुझीच, सहा वर्षांनी मोठी असूनही चुकलेली,
ताई